नावावरची तार

१

शशिकांत गायधनी सीआयडीच्या कचेरीतून घरी परतला तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. सकाळी नऊला 'तासाभरात येतो' म्हणून गेलेला माणूस. खांद्याला लॅपटॉपची बॅग नव्हती, खिशात मोबाइल नव्हता. सुहासिनीनं दार उघडलं आणि त्याचा चेहरा पाहून ती दार धरूनच उभी राहिली.

"मला देशाबाहेर जाता येणार नाही," तो चपला न काढताच म्हणाला. "बंदी घातलीय माझ्यावर."

आत सोफ्यावर त्याचे वडील चष्मा पुसत बसले होते. नाना नाशिकच्या टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं खांबांवर चढून निवृत्त झालेले. दोहाला येऊन त्यांना चारच दिवस झाले होते. चौदा एप्रिलला तिघांनी मिळून परत जायचं होतं, कारण वीस तारखेला शशिकांतच्या धाकट्या बहिणीचं, मधुराचं लग्न होतं. तिकिटं काढून झाली होती.

"नीट बसून सांग," नाना म्हणाले.

शशिकांतनं सांगितलं. त्याची कंपनी विश्वचषकासाठी उभ्या राहणाऱ्या हॉटेलांमध्ये आग विझवण्याच्या पाइपांचं काम करायची. तिथल्या गुणवत्ता विभागाच्या प्रमुख विजयालक्ष्मी. अठरा फेब्रुवारीला, शुक्रवारी, सकाळी अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी कंपनीतल्या साठेक लोकांना एक निनावी मेल गेली होती. 'या बाईंची इंजिनिअरिंगची पदवी बनावट आहे' असा मजकूर, सोबत पदवीचा एक खोटा कागद, आणि त्यांच्या घरच्या समारंभातला एक फोटो, खाली घाणेरडे शब्द लिहिलेला. बाईंनी पोलिसांत तक्रार केली. पोलिसांनी माग काढला, तो माग शशिकांत गायधनी या नावावरच्या इंटरनेटपाशी येऊन थांबला.

"पण तू असलं काही केलं नाहीस!" सुहासिनी म्हणाली.

"मी तेच म्हणालो. अधिकारी भला माणूस होता, आवाजसुद्धा चढवला नाही त्यानं. म्हणाला, जोडणी तुमच्या नावावर आहे, ती सांभाळणं तुमची जबाबदारी. तुम्ही लिहिलं नसेल तर कोणी लिहिलं ते तुम्ही सांगा. आणि सांगता येत नसेल, तर आम्ही तुम्हालाच विचारत राहणार."

"भांडण झालं होतं ना तुझं त्या बाईंशी? जानेवारीत?"

"भर मीटिंगमध्ये. वीस माणसांसमोर." शशिकांतनं डोकं हातात धरलं. "राग माझा, इंटरनेट माझं. आणि त्या शुक्रवारी मी कुठे होतो? इथे, घरात, एकटा. झोपलेला."

हे खरं होतं. शुक्रवारी सकाळी सुहासिनी अल दुहैलला एका घरी मराठीचा वर्ग घ्यायची. ती नवाला निघे आणि एकनंतर परते. आठवड्याची सुट्टी म्हणून शशिकांत बाराबारापर्यंत अंथरुणात लोळे. तो घरात झोपला होता हे सांगायला त्याच्या उशीखेरीज साक्षीदार नव्हता.

सुहासिनी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. घरच्या वायफायचा पासवर्ड तिनं एका माणसाला दिला होता. वर्षभरापूर्वी, नवऱ्याला न सांगता.

२

ते राहत तो अल हिलाल भागातला बंगला मालकानं भिंती घालून सहा बिऱ्हाडांत वाटला होता. गायधनी पहिल्या मजल्यावर राहत. जिन्याखाली मजीद नावाचा रखवालदार राहायचा. तो मूळचा बिहारातल्या सिवानचा. कोविडच्या दिवसांत त्याला दोन वर्षं घरी जाता आलं नव्हतं. मुलीशी बोलताना फोनवरचं चित्र सारखं अडकायचं आणि तो जिन्यात उभा राहून "हॅलो, हॅलो" ओरडत बसायचा. एके दिवशी सुहासिनीनं त्याच्या फोनमध्ये स्वतःच पासवर्ड टाकून दिला होता.

संध्याकाळी धवल आला. शशिकांतच्याच कंपनीत कामाला, मूळ नाशिकचा, तिशीतला मुलगा. नोकरीसाठी त्याचं नाव शशिकांतनंच सुचवलं होतं. तो अल थुमामाला राहायचा. त्याची बायको गार्गी जानेवारीत दोहाला आली होती, तिला सातवा महिना सरत आला होता, आणि तिचं डोहाळजेवण सुहासिनी एकोणीस मार्चला आपल्या घरी करणार होती.

"दादा, ऑफिसात कळलं. मला विश्वासच बसेना," धवल म्हणाला. त्यानं राउटरजवळ जाऊन दिवे पाहिले. हा राउटर बसवून दिला होता तोही त्यानंच. "पासवर्ड कोणाकोणाकडे आहे?"

"आम्ही दोघं, तू," शशिकांत म्हणाला, "आणि समोरच्या अनीसा. त्यांचं इंटरनेट बंद पडलं होतं तेव्हा दिला होता."

अनीसा समोरच्या बिऱ्हाडात राहणारी हैदराबादची परिचारिका.

धवलनं सुहासिनीकडे पाहिलं.

"वहिनी, रागावू नका. पण मजीदकडे नाही का? मी येतो तेव्हा तो जिन्यात व्हिडिओ बघत असतो. त्याला कोण नेट देणार?"

शशिकांतनं मान वर केली. सुहासिनीला खोटं बोलता आलं नाही. "मी दिला होता," ती म्हणाली.

मग धवल हळूच म्हणाला, "मग प्रश्नच मिटला. उद्या जाऊन सांगून टाका, रखवालदाराकडे पासवर्ड होता. दादा सुटतात. रमजानच्या आत हे उरकायला हवं. तो लागला की कचेऱ्या अर्ध्या दिवसाच्या होतात, कागद हलत नाहीत."

"आणि मजीदचं काय होईल?" सुहासिनीनं विचारलं.

"त्यांना परत पाठवतात, वहिनी. फार तर काय?"

धवल गेल्यावर शशिकांत बायकोवर ओरडला नाही. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "मला सांगायचं तरी होतंस," आणि आत जाऊन पडला.

नाना मात्र बसून होते. "सूनबाई," ते म्हणाले, "तो रखवालदार हिंदी बोलतो ना?"

"हो."

"इंग्रजी?"

"नावापुरतं. का?"

"साठ माणसांना इंग्रजीत मेल. त्यात पदवीच्या कागदाची नक्कल. आणि त्या बाईंच्या घरचा फोटो त्याला मिळाला कुठून?" नानांनी चष्मा काढला. "खात्यात कुठल्याही बिघाडाला साहेब लाइनमनला जबाबदार धरायचे. तो समोर सापडतो ना! उद्या आपण त्याच्याशी बोलू. चोर म्हणून नाही, माणूस म्हणून."

३

मजीद जिन्याखाली कांदा चिरत होता. सुहासिनीला आणि नानांना पाहून गडबडून उभा राहिला. सुहासिनीनं त्याला अठरा तारखेच्या शुक्रवारचं विचारलं आणि त्याचा चेहरा उतरला. साहेबांना सीआयडीनं बोलावलं हे त्याच्याही कानावर आलं होतं.

"भाभी, मैंने कुछ नहीं किया. नेट पे बस बेटी से बात करता हूं."

"मालूम है. उस दिन तुम कहां थे, बस इतना बताओ."

मजीदनं बराच विचार केला. मग एकदम त्याचे डोळे मोठे झाले. "वो जुम्मा? जिस दिन मेन बोर्ड जला था?"

"कौन सा बोर्ड?"

मजीदनं जे सांगितलं ते ऐकता ऐकता सुहासिनी पायरीवर बसली. त्या शुक्रवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला बंगल्याचा मुख्य स्विच जळाला होता. सहाही बिऱ्हाडांची वीज गेली. मजीद इलेक्ट्रिशियनला आणायला धावला, पण जुम्मा होता. तो नमाजाला निघालेला. 'नमाज के बाद, इन्शाल्ला' म्हणाला. नमाज संपल्यावर मशिदीच्या दारातूनच मजीद त्याला घेऊन आला. वीज परत आली तेव्हा एक वाजून गेला होता.

"मुझे कैसे पता नहीं चला?" सुहासिनी म्हणाली.

"आप तो थीं नहीं. साहब सो रहे थे. ठंड का टाइम था, एसी किसी का चालू नहीं था. किसी ने पूछा ही नहीं."

नाना तडक जिना चढून अनीसाच्या दारापाशी गेले. अनीसा ड्यूटीवर निघण्याच्या गडबडीत होती, पण प्रश्न ऐकताच तिनं फोन काढला. त्या सकाळी कामावरून आली तर आंघोळीला गरम पाणी नाही. वैतागून तिनं जळक्या बोर्डाचा फोटो मालकाच्या माणसाला पाठवला होता. अठरा फेब्रुवारी, दहा वाजून बेचाळीस. खाली तिचेच संदेश होते. अकरा वीस: 'अजून वीज नाही'. बारा पाच: 'कोणी येणार आहे का?' आणि एक वाजून बारा मिनिटांनी: 'आली, शुक्रन', असे अरबीत आभार.

सुहासिनीनं ते तीनदा वाचलं.

"पावणेबाराला आपल्या घरात वीजच नव्हती," ती म्हणाली. "राउटर बंद होता, नाना. मेल शशिकांतनं पाठवली नाही, मजीदनं नाही, अनीसानंही नाही. इथून ती कोणालाच पाठवता आली नसती!"

नाना हसले नाहीत. "तार मेलेली होती," ते पुटपुटले. "मग बोललं कोण?"

४

शशिकांतनं गाठलेल्या वकिलानं मात्र त्या फोटोला फारशी किंमत दिली नाही. जळक्या बोर्डाचा फोटो कुठलाही असू शकतो, तो फोनवर म्हणाला. शिवाय इंटरनेट पुरवणाऱ्यांची नोंद स्पष्ट आहे. शशिकांत गायधनी यांच्या जोडणीवरून, अमुक वेळेला. यंत्राची नोंद खोटी असं कोर्टाला कसं सांगणार? इतरांनी इंटरनेट वापरलं असं म्हणायचं असेल तर नाव द्या. नाव नसेल तर दंड होईल, तुरुंगही होऊ शकेल, आणि निकालापर्यंत बंदी राहीलच.

त्या आठवड्यात घर लहान होत गेलं. कंपनीनं शशिकांतला 'तूर्तास येऊ नका' म्हणून सांगितलं. तो खिडकीशी उभा राहायचा. जुन्या विमानतळाच्या बाजूनं एखादं विमान वर चढताना दिसलं की पडदा ओढून घ्यायचा. नाशिकहून मधुराचा फोन आला, "दादा, मुंडावळ्या तूच बांधायच्यास हं," आणि तो "हो हो" म्हणून फोन सुहासिनीच्या हातात देऊन न्हाणीघरात गेला. नळ बराच वेळ वाहत होता.

धवल रोज फोन करायचा. "वहिनी, मजीदचं नाव दिलंत का?"

देऊन टाकावं, असं सुहासिनीच्या मनात आलं नाही असं नाही. मंगळवारी दुपारी ती एकदा जिना उतरून खाली गेलीही होती, मजीदला आधी सांगावं म्हणून. तो जिन्याखाली बसून फोनवरून मुलीला गणित सांगत होता. ती तशीच वर आली.

नानांचं वेगळंच चाललं होतं. भिंतीवर किराणा दुकानानं दिलेलं कॅलेंडर होतं, त्यावर प्रत्येक तारीख दोन लिप्यांत छापलेली. नाना रोज सकाळी त्यासमोर उभे राहून अरबी आकडे गिरवत. सात वर्षं इथे राहून शशिकांत-सुहासिनीला ते वाचता येत नव्हते, कारण त्यांचं कधी अडलंच नव्हतं. बुधवारी सकाळी नानांनी शशिकांतला मिळालेला पोलिसांचा अरबी कागद मागून घेतला.

"तुम्हाला अरबी कुठे येतं, नाना?" सुहासिनी म्हणाली.

"अक्षरं नाहीच येत. आकडे येतात. आणि टेलिफोनवाल्याला आकडेच लागतात." त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हा आठ आकड्यांचा नंबर आहे बघ. चव्वेचाळीसनं सुरू होतो. आपल्या घरचाही तसाच आहे ना?"

"इथले घरचे सगळेच नंबर तसे सुरू होतात. इंटरनेटच्या तारेबरोबर टेलिफोनही देतात. आम्ही वापरत नाही."

"शेवटचे चार वाचतो. शून्यासारखा दिसतो तो यांचा पाच. मग ठिपका, म्हणजे शून्य. मग तीन. मग एक. पाच-शून्य-तीन-एक." नानांनी राउटरचा डबा उलटा केला. पोटाशी कागद चिकटवलेला होता. "आणि हा आपला. दोन-आठ-एक-सहा."

शशिकांत खिडकीपासून वळला. "म्हणजे?"

"म्हणजे पोलिसांची नोंद खरी आहे आणि तूही खरा आहेस. मेल तुझ्याच नावावरच्या तारेवरून गेली, पण ती तार या घरातली नव्हे."

"माझ्या नावावर दुसरी तार कुठून येणार?"

"ते तारेलाच विचारू." नानांनी सुहासिनीला खूण केली. "लाव तो नंबर."

सुहासिनीनं कागदावरचे आठ आकडे नानांकडून वदवून घेत फोनवर दाबले. घंटी वाजत राहिली. चार, पाच, सहा. मग कोणीतरी उचलला.

"हॅलो?" पलीकडून एक मुलगी मराठीत म्हणाली. "कोण बोलतंय?"

सुहासिनीनं फोन ठेवून दिला. आवाज ओळखायला तिला दुसरा शब्द लागला नाही.

ती गार्गी होती.

५

"अल थुमामा," शशिकांत म्हणाला. "आपलं जुनं घर."

दोन वर्षांपूर्वी, कोविडच्या ऐन भरात, ते अल थुमामाचा फ्लॅट सोडून इथे आले होते. कंपनीचा तो फ्लॅट मग धवलला मिळाला. इंटरनेटची जोडणी त्याच्या नावावर करायला दोघांनी समक्ष जायला हवं होतं, आणि कचेऱ्या बंद होत्या. 'नंतर करू,' शशिकांत म्हणाला होता. बिलाचा संदेश धवलच्या मोबाइलवर जाईल अशी सोय करून दिली, आणि इथे नवी जोडणी घेतली. 'नंतर' कधी आलंच नाही. सीआयडीत त्याला विचारलं, इंटरनेट तुमच्या नावावर आहे ना, तेव्हा त्यानं 'हो' म्हटलं होतं. कुठलं, हा प्रश्नच डोक्यात आला नव्हता. आणि तो नंबर? आपल्याच घरचा नंबर कोण पाठ करतं?

"पण धवल?" तो म्हणाला. "त्याच्या घरीही दहा माणसं येत असतील. त्याच्याकडचा पासवर्डही कोणी वापरला असेल. मला जे लावलं ते मी त्याला लावू?"

"नको," नाना म्हणाले. "म्हणून आधी दोन गोष्टी बघायच्या. त्या वेळी त्या घरात कोण होतं? आणि त्या बाईंवर दात कोणाचा होता?"

पहिल्याचं उत्तर सुहासिनीपाशीच होतं, आणि ते तिला नको होतं. त्या शुक्रवारी तिनं सव्वानवाला गार्गीला घरून उचलून अल दुहैलला वर्गावर नेलं होतं. एकटी कंटाळते म्हणून. धवल साइटवर जाणार होता, निदान गार्गी तसं म्हणाली होती. दुपारी एकला तिला सोडायला गेली तेव्हा दार धवलनं उघडलं. अंगात घरातला टीशर्ट आणि अर्धी चड्डी. "आज गेलोच नाही, वहिनी," तो म्हणाला होता. तेव्हा त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं.

दुसऱ्यासाठी ती गुरुवारी संध्याकाळी विजयालक्ष्मींकडे गेली. वकिलाला विचारलं असतं तर त्यानं जाऊ दिलं नसतं, म्हणून विचारलंच नाही. बाईंनी दार अर्धंच उघडलं.

"तुमच्या नवऱ्यासाठी माफी मागायला आल्या असाल तर जा," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

"माफी नाही. मेल पदवीबद्दलच का होती, म्हणून एकच प्रश्न आहे. ती मेल आली त्याच्या आसपास तुम्ही कोणाच्या पदवीबद्दल काही विचारलं होतं?"

विजयालक्ष्मींनी दार पूर्ण उघडलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं? ते फक्त मला आणि त्याला माहीत होतं." "गुरुवारी, सतरा तारखेला, मी आमच्या एका इंजिनिअरला सांगितलं होतं, तुमच्या प्रमाणपत्राचा नंबर विद्यापीठात सापडत नाही, रविवारी मूळ कागद घेऊन या. रविवारपर्यंत माझीच बदनामी साठ लोकांत झाली. नंतर कोण कोणाचे कागद बघतो? मला वाटलं, मेल तुमच्या नवऱ्याच्या भांडणातून आली, आणि ही चौकशी त्याच वेळी निघाली हा निव्वळ योगायोग."

"त्या इंजिनिअरचं नाव धवल का?"

बाईंनी हात पुढे करून सुहासिनीला आत घेतलं.

६

शुक्रवारी सकाळी सुहासिनीनं वर्गाला सुट्टी दिली. दुसऱ्या दिवशी डोहाळजेवण होतं. हिरवी साडी आणलेली होती, फुलांचे दागिने सांगून ठेवले होते. ती साडी तशीच कपाटात ठेवून ती नानांबरोबर अल थुमामाला निघाली. शशिकांतला त्यांनी घरीच थांबवलं.

दार गार्गीनं उघडलं. "अय्या, वहिनी! उद्याचं काही राहिलं का?" तिचा चेहरा फुलला होता.

"थोडं. तू जरा पडून राहा, पाय सुजलेत तुझे," सुहासिनी म्हणाली. हे बोलताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

गार्गी आतल्या खोलीत गेल्यावर नाना धवलसमोर बसले. कोपऱ्यात राउटरचे हिरवे दिवे लुकलुकत होते, शेजारी सुहासिनीनंच मागे ठेवलेला जुना टेलिफोन.

"धवल, या टेलिफोनचा नंबर काय रे?"

"माहीत नाही, नाना. आम्ही वापरत नाही."

"पोलिसांच्या कागदावर हाच आहे."

धवलच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग तो म्हणाला, "असं कसं? मग कोणीतरी माझं वायफाय हॅक केलं असेल. खालच्या दुकानातली पोरं..."

"असेल," नाना म्हणाले. "पण खालच्या पोरांना विजयालक्ष्मीबाईंनी गुरुवारी तुझ्याकडे मूळ पदवी मागितली हे कसं कळलं? ज्याची पदवी खोटी, त्यानंच दुसरीच्या पदवीवर बोट ठेवलं, तेही दुसऱ्या दिवशी. गार्गी घरात नव्हती, सूनबाईबरोबर होती. तू साइटवर जाणार होतास आणि गेला नाहीस. तिथल्या हजेरीत ते दिसेल. आणि शशीच्या घरात त्या वेळी वीज नव्हती. मला यातलं एक जरी खोटं पाडून दाखवलंस तर मी तुझी हात जोडून माफी मागेन."

धवलनं राउटरकडे पाहिलं. "माझी शेवटच्या वर्षाची एकच परीक्षा राहिली होती," तो म्हणाला. "एकच. काम मला सगळं येतं, नाना. विचारा दादांना. त्या बाईंना कागदच हवा होता."

"आणि शशिकांत?" सुहासिनीनं विचारलं. "इथलं इंटरनेट त्यांच्या नावावर आहे हे तुला माहीत होतं?"

"मी माझ्या नावावरच्या मोबाइलवरून काही केलं नाही. निनावी पत्ता काढला. वाटलं, कोणी शोधणारच नाही."

"मी ते विचारलं नाही."

त्यानं मान खाली घातली. "माहीत होतं, वहिनी."

"आणि तरी रोज फोन करून मजीदचं नाव द्यायला सांगत होतास."

"दादा सुटावेत म्हणून!" तो कळवळून म्हणाला, आणि बोलून झाल्यावर आपलंच वाक्य ऐकून थांबला.

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. गार्गी चौकट धरून उभी होती. केव्हापासून, ते कोणालाच कळलं नाही.

"खरं आहे का हे?" तिनं विचारलं.

धवल तिच्याकडे बघू शकला नाही. तिनं सुहासिनीकडे पाहिलं, आणि त्या नजरेत आभार नव्हते, राग होता. "बुधवारचा तो फोन तुमचा होता," ती म्हणाली. "तेव्हापासून तुम्हाला माहीत होतं. आणि काल तुम्ही मला विचारलंत, बांगड्या कुठल्या मापाच्या आणू म्हणून."

"यल्ला," नाना उठत म्हणाले. 'चला' या अर्थाचा हा अरबी शब्द ते इथेच शिकले होते, पण आता त्यात गंमत नव्हती. "चप्पल घाल, धवल. तू स्वतःहून गेलास तर तेवढं तरी तुझ्या बाजूनं राहील. शशी सोबत येईल. तुझ्याबरोबर जायला आणखी कोण आहे इथे?"

७

धवलचा लॅपटॉप पोलिसांनी त्याच दिवशी घेतला. खोटा पदवीचा कागद त्यात सापडला. बंदी उठायला तरी सव्वीस दिवस लागले. रमजान आला, कचेऱ्या अर्ध्या दिवसाच्या झाल्या, पाडव्याची गुढी त्यांनी गॅलरीत उभारली तेव्हाही शशिकांत अडकलेलाच होता. शेवटी तेरा एप्रिलला त्या भल्या अधिकाऱ्यानं त्याला बोलावलं.

"तुम्ही गुन्हा केला नाही," तो म्हणाला. "पण दोन वर्षं दुसऱ्याच्या घरात तुमचं नाव राहत होतं, आणि तुम्हाला त्याची आठवणही नव्हती. इथे सही करा."

पुढे आपली जोडणी कोणाच्या हाती सोडणार नाही, असं त्या कागदावर होतं. शशिकांतनं सही केली. ती करताना त्याला अपमान वाटला नाही, असं त्यानं घरी येऊन सांगितलं. खरं आहे ते, म्हणाला.

धवलचा खटला उभा राहायचा होता. तो कोठडीत होता. गार्गीला नववा लागला होता, विमान कंपनी तिला घेणार नव्हती. तिच्या आईचा पासपोर्ट अजून तयार नव्हता. अल थुमामाचा फ्लॅट कंपनीचा, तो सोडायला आठ दिवसांची मुदत मिळाली. सातव्या दिवशी सुहासिनी तिथे गेली आणि काही न बोलता कपडे बॅगेत भरू लागली. गार्गी भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. शेवटी सुहासिनीनं तिचा हात धरला तेव्हा तिनं तो सोडवून घेतला, पण उठली.

चौदा तारखेला शशिकांत आणि नाना नाशिकला गेले. सुहासिनीनं आपलं तिकीट रद्द केलं.

"मधुरा काय म्हणेल?" शशिकांतनं विमानतळावर विचारलं.

"रागावेल. नंतर समजावीन तिला."

"तू स्वतःला शिक्षा करून घेतेयस का?"

"नाही," ती म्हणाली. "तिच्याजवळ दुसरं कोणी नाही, म्हणून."

घरात दोघी राहिल्या. गार्गी जेवायची, ताट धुऊन ठेवायची, आणि बोलायची नाही. एक दिवस, दोन, पाच. सुहासिनीनंही बोलायला लावलं नाही. वीस तारखेला नाशिकहून लग्नाचे फोटो आले, शशिकांत मधुराला मुंडावळ्या बांधताना. ते बघून सुहासिनी रडली. गार्गी दारातून बघत होती. तिनं पाण्याचा पेला आणून शेजारी ठेवला आणि परत गेली.

पंचवीस तारखेला सकाळी गार्गीला इस्पितळात नाव नोंदवायला न्यायचं होतं. खिडकीमागची बाई मल्याळी होती, कामात बुडालेली. तिनं फॉर्म पुढे सरकवला. पतीची सही, असा एक रकाना होता.

"नवरा कुठेय?" तिनं हिंदीत विचारलं.

गार्गीनं त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. मागे रांग वाढत होती.

"सही कोणाची तरी लागेल," बाई म्हणाली. "काही झालं तर आम्ही कोणाला बोलावायचं? जबाबदार माणूस कोण?"

"मी," सुहासिनी म्हणाली.

"आप कौन लगती हैं इनकी?"

सुहासिनी अडखळली. मैत्रीण म्हणावं तर ते आता तिच्या हाती नव्हतं. तिनं गार्गीकडे पाहिलं.

गार्गीनं खिडकीतून पेन ओढून घेतलं. दहा-अकरा दिवसांनी पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला, आणि तो सुहासिनीला उद्देशून नव्हता.

"माझी जाऊ आहे," ती मराठीतच म्हणाली. समोरच्या बाईला काही कळलं नाहीसं पाहून तिनं ते हिंदीत पुन्हा सांगितलं, "जेठानी है मेरी," आणि पेन सुहासिनीच्या हातात दिलं.